सायलोसायबिनने शिकण्याची ताकद वाढते का?

रातकिडा: मेंदूशास्त्रज्ञ गुल डोलेन यांच्या चमूचा 2023चा 'नेचर'मधला निबंध वाचला. लहानपणी मेंदूला काही गोष्टी शिकायला ठरावीक मुदत असते. ती संपलेल्या उंदरांत सायकेडेलिक, म्हणजे भान-जाणिवा बदलणाऱ्या, औषधांनी ती पुन्हा उघडली. केटामाइनने दोनेक दिवस, सायलोसायबिनने (काही अळंब्यांतल्या अमली द्रव्याने) दोन आठवडे, एलएसडीने तीन आठवडे ती उघडी राहिली. पन्नाशीत जर्मन शिकायला बसलेल्या माझ्यासारख्याला हुरूप येणारच. तरी आपल्याकडे यावर सरसकट बंदी? आडमुठेपणा आहे.

मिरीदाणा: उंदीर नक्की काय शिकले तेही सांगा की! पिंजऱ्यात दोन तऱ्हांचा भुसा. एकावर इतर उंदरांची सोबत, दुसऱ्यावर एकटं. औषधानंतर मोठे उंदीरही पिल्लांसारखे सोबतीच्या भुशाकडे वळायला लागले. बस्स. यात जर्मन विभक्त्या कुठून आल्या? उलट माणसांवरच्या प्रयोगांत, अंमल असताना पाहिलेलं नंतर तपशिलात आठवत नाही, नुसतं ओळखीचं वाटतं. 'हे कुठंतरी वाचलंय' याला परीक्षेत मार्क नसतात.

रातकिडा: अंमलात पुस्तक उघडा असं कोण म्हणतंय? मी नंतरच्या दिवसांबद्दल बोलतोय. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात 2021 साली सायलोसायबिनच्या एकाच मात्रेनंतर उंदरांच्या चेतापेशींवरचे जोडणीचे काटे सुमारे 10 टक्क्यांनी वाढले. महिन्यानंतरही त्यातले काही टिकून होते.

चष्मिष्ट: काटे वाढले म्हणजे अक्कल वाढली असं नाही हो. मायक्रोडोसिंगवाल्यांनी (नशा न चढण्याइतकी थोडीशी मात्रा घेणाऱ्यांनी) लंडनच्या इम्पीरियल कॉलेजचा 2021चा प्रयोग वाचावा. 191 जणांनी घरीच कॅप्सूल भरल्या, काही औषधाच्या, काही रिकाम्या. क्यूआर कोडच्या पाकिटांमुळे आपण काय गिळतोय ते त्यांनाच कळत नव्हतं. बरं औषधवाल्यांना वाटलं आणि रिकाम्या कॅप्सूलवाल्यांनाही! आणि आपल्याकडे एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्यात एलएसडीची व्यापारी मात्रा 0.1 ग्रॅमपासून, शिक्षा किमान 10 वर्षं. तुरुंगात बसून जर्मन शिकणार का?

रातकिडा: भाषा सोडा. पक्षाघातानंतर हात हलवायला नव्याने शिकण्याचा चांगला काळ काही महिन्यांचाच असतो. तो पुन्हा उघडता आला तर? डोलेन यांचा रोख तिकडेही आहे. मग कायदा आडवा का?

मिरीदाणा: संशोधनाला तो पूर्ण आडवा नाही, वैद्यकीय आणि वैज्ञानिक कामाला परवान्याची वाट त्यातच ठेवलीय. ती सोपी व्हावी म्हणत असाल तर माझी सही घ्या. पण कुणाच्या तरी ओळखीने आणलेल्या पुडीला संशोधन म्हणू नका.