घरात एकच गाडी असेल, तर ती फोर बाय फोरच का नसावी?

पाणंदवाट

नमस्कार मंडळी. नऊ वर्षं वापरलेली हॅचबॅक आता विकायला काढली आहे. नवी कोणती घ्यायची यावर घरात रोज रात्री जेवताना बोलणं होतं. माझं मत आधी मांडतो, मग तुम्ही खोडून काढा.

राहायला वारज्याला, कचेरी हिंजवडीत. जाऊन-येऊन पस्तीसेक किलोमीटर. घरात आम्ही दोघं, सात आणि अकरा वर्षांची दोन मुलं आणि आई. आईच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली आहे. वेल्ह्याच्या पुढे आमची भातशेती आहे, महिन्यातून दोनदा तरी जाणं होतं. डांबरी संपल्यावर दोन किलोमीटर पाणंद. उन्हाळ्यात कुठलीही गाडी जाते, पण जून ते ऑक्टोबर भरवसा नाही.

गेल्या श्रावणात आईला तिथं रात्री ताप चढला. गाडी चढावर अडकली, पुढची चाकं जागीच फिरत राहिली. शेवटी शेजारच्या चौघांनी तिला खुर्चीत बसवून भर पावसात डांबरीपर्यंत उचलून आणलं. तिथून दुसऱ्याच्या गाडीनं नसरापूर गाठलं. ती रात्र डोक्यातून जात नाही.

म्हणून माझं म्हणणं असं, की दोन गाड्या ठेवायची ऐपत आणि पार्किंग दोन्ही नसेल, तर एकच गाडी सगळ्यांत अवघड वाटेचा विचार करून घ्यावी, म्हणजे फोर बाय फोर, चारही चाकांना ओढ असलेली. शहरात ती थोडी जड पडली तरी चालेल. नजरेसमोर पाच दारांची थार रॉक्स फोर बाय फोर, जिमनी आणि स्कॉर्पिओ-एन आहेत. बजेट वीस-बावीस लाखांचं, ओढूनताणून चोवीस.

नेमस्त

आईंच्या बाबतीत जे झालं ते वाचून वाईट वाटलं. तरीही मत पटलं नाही.

हिशेब मांडा. वर्षातून शेतावर चोवीस खेपा. त्यातल्या पावसाळ्यातल्या दहा धरा. म्हणजे दहा दिवसांच्या चार किलोमीटरसाठी तुम्ही उरलेले साडेतीनशे दिवस जड गाडी हिंजवडीच्या गर्दीत रेटणार. रॉक्समध्ये फोर बाय फोर फक्त डिझेलला मिळते. महाराष्ट्रात डिझेल गाडीचा रोड टॅक्स पेट्रोलपेक्षा दोन टक्क्यांनी जास्त आहे. सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, बाराशे सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीला १८ टक्के जीएसटी आहे, या मोठ्या गाड्यांना ४० टक्के. हा पैसा मुलांच्या शिक्षणातून जाणार आहे.

साधी, उंच बांधणीची कॉम्पॅक्ट गाडी घ्या, चांगले टायर टाका. पावसाळ्यात ती डांबरीवर लावा आणि पुढचे दोन किलोमीटर ट्रॅक्टरनं जा. गावात ट्रॅक्टर असतोच.

पाणंदवाट

रात्री अडीच वाजता ट्रॅक्टर कुणाला मागायचा? मागितला असता तर आलाही असता, गावातली माणसं चांगली आहेत. पण दोन्ही गुडघे बदललेल्या बाईला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढवून बघा.

स्पॅनर

वीस वर्षं गाड्यांच्या पोटाखाली काढली आहेत, म्हणून थोडं तांत्रिक बोलतो.

तुमची गाडी त्या रात्री का अडकली ते आधी समजून घ्या. चढावर गाडीचं वजन मागच्या चाकांवर सरकतं. तुमच्या गाडीला ओढ होती पुढच्या चाकांची, म्हणजे नेमकी जी चाकं हलकी झाली त्यांचीच. त्यात ओला मुरूम आणि शेवाळ. कॉम्पॅक्ट गाड्या दिसायला कितीही उंच असल्या तरी बहुतेक सगळ्या पुढच्या चाकांवरच चालतात. नेमस्तांनी सुचवलेली गाडी त्याच चढावर तशीच अडकेल. टायर चांगले असले तर दहा फूट पुढे जाऊन अडकेल.

मागच्या चाकांवर चालणारी गाडी चढाला बरी. पण एक चाक खड्ड्यावर अधांतरी लोंबलं, की साधा डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांत ताकद वाटणारा भाग, सगळी ताकद त्याच चाकाला देतो आणि गाडी जागची हलत नाही. हे लक्षात न घेताच बरेच जण टू व्हील ड्राइव्ह थार घेतात आणि मग चिखलात फसल्यावर फोन करतात.

फोर बाय फोरचा खरा उपयोग लोक चढताना शोधतात, मी तो उतरताना मोजतो. लो रेंजला, म्हणजे कमी वेग आणि जास्त जोराच्या जोडणीला, पहिला गिअर टाकायचा, ब्रेकला पाय लावायचा नाही, इंजिनच गाडी धरून ठेवतं. ओल्या चिकणमातीवर ब्रेक दाबला की चाकाची पकड सुटते आणि गाडी घसरगुंडीसारखी सरकते. बायकापोरं गाडीत असताना हा फरक फार मोठा आहे.

आता दुसरी बाजू. डिझेल घेणार असाल तर बीएस-६ गाडीतला डीपीएफ, म्हणजे धुराचा फिल्टर, समजून घ्या. धुरातली काजळी तिथं साठते आणि ती जाळायला गाडी काही वेळ सलग पळावी लागते. रोज फक्त गर्दीत रांगणारी डिझेल गाडी माझ्याकडे दिवा पेटलेल्या अवस्थेत येते. तुम्ही बायपासनं जाता, तो मोकळा मिळाला तर ठीक. अडकून राहत असाल तर महिन्यातून दोनदा वेल्ह्याची फेरी हाच त्यावरचा उपाय, आणि ती तुम्ही करताच.

पेट्रोलच हवं असेल तर जिमनी. दीड लिटरचं इंजिन, वजन बाराशे किलोच्या आसपास, सगळ्या व्हेरियंटना लो रेंज. चिखलात हलकी गाडी कमी रुतते, ओढून काढायलाही सोपी.

अमृतवेल

स्पॅनरदादा, जिमनी चार माणसांची गाडी आहे. यांच्या घरात पाच जण आहेत. आरसी बुकातच चार लिहिलेलं असताना पाचवं माणूस कुठे बसवायचं? डिकीसुद्धा २०८ लिटरची. दोन दप्तरं आणि तांदळाचं एक पोतं ठेवलं की संपली. गाडी सुंदर आहे, मला स्वतःला आवडते, पण या कुटुंबाची नाही.

आमच्याकडे तीन दारांची थार आहे. यजमानांनी हौसेनं घेतली आणि मीही हो म्हटलं होतं. सासूबाई एकदाच मागे बसल्या. पुढची सीट वाकवून, एक पाय वर टाकून, डोकं खाली घालून आत शिरायचं. त्यांना ते जमेना आणि सगळ्यांसमोर त्यांचा जीव नुसता कानकोंडा झाला. त्यानंतर त्या आमच्याबरोबर कुठे आल्या नाहीत. विचारलं की म्हणतात, "तुम्ही जाऊन या." मला याचं फार वाईट वाटतं. गाडी कुटुंबासाठी घेतली आणि कुटुंबातलं एक माणूस गाडीमुळेच घरी राहिलं.

पाच दारांमुळे रॉक्समध्ये हे बरंच सुटतं. भारत एनकॅपच्या अपघात चाचणीत पाच तारे आहेत, मुलांची सीट पक्की अडकवायला आयसोफिक्स आहे. पण उंची आहेच, आणि लॅडर फ्रेमची, म्हणजे ट्रकसारख्या सांगाड्यावरची गाडी स्पीडब्रेकरवर मागच्या माणसाला हलवतेच. तेव्हा आईंना शोरूमला नेऊन स्वतः चढू-उतरू द्या. घाई करू नका. पाच वेळा चढू द्या, कारण पहिल्यांदा माणूस संकोचानं "जमतंय की" म्हणतं.

घाटमाथा

फोर्सची गुरखा पाच दारी कुणीच कशी काढली नाही? पुढच्या-मागच्या दोन्ही डिफरन्शियलला लॉक, २३३ मिमी ग्राउंड क्लिअरन्स, ७०० मिमी पाण्यातून जायची क्षमता, इंजिनाला वरून हवा देणारा स्नॉर्कल कारखान्यातूनच बसवून मिळतो आणि माणसं सात बसतात. पाणंदीचा प्रश्न कायमचा मिटेल. बाकीच्या गाड्या शहरासाठी मऊ केलेल्या आहेत.

नेमस्त

आणि ती फक्त मॅन्युअल गिअरमध्ये येते. हिंजवडीच्या गर्दीत रोज दीड तास क्लच दाबून या माणसाचा गुडघाही आईंच्या रांगेत जाईल. मी गंभीरपणे म्हणतोय. रोजच्या त्रासाची किंमत कुणी मोजत नाही, कारण तो थोडा थोडा होतो.

कातळसडा

मी रत्नागिरीकडचा. गाडी कोणती घ्यावी यावर माझं मत नाही, पण गाडी घेतल्यावर काय होतं ते रोज बघतो, म्हणून लिहितो.

फोर बाय फोर आली की दोन महिन्यांत ती समुद्रावर येते. आमच्या किनाऱ्यावर दर सुट्टीत एखादी तरी रुतते. ओल्या वाळूवर घट्ट वाटतं, थांबलं की चाक खाली बसतं. ओहोटी संपली की भरती यायला सहाएक तास लागतात, पण निम्मा वेळ फोटोंत गेलेला असतो. मग बैल आणा, ट्रॅक्टर आणा. गाडी निघाली तरी खारं पाणी आत शिरलेलं असतं, ते पुढे वर्षभर पत्रा खातं.

गाडीचं नुकसान भरून येतं. वेळास, आंजर्ल्याच्या वाळूत नोव्हेंबरपासून ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. गावातल्या पोरांनी वर्षानुवर्षं राखलेला तो किनारा आहे. वरून चाक गेलं की वाळू दबते आणि आतलं घरटं संपतं. वरून तुम्हाला काही दिसतही नाही. सड्यांचंही तेच. तुम्हाला तो मोकळा खडक वाटतो. त्यावर पावसाळ्यात उगवणारी रोपटी बोटाएवढी असतात आणि कित्येक ठिकाणी कातळशिल्पं आहेत, जी २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. चाकाखाली काय आहे हे बघितल्याशिवाय कृपा करून वाट सोडू नका.

पाणंदवाट

कातळसडा, मनापासून पटलं. आम्ही वाट सोडणारे नाही, आम्हाला आमच्या वाटेनं घरी पोहोचायचं आहे. 'ऑफरोडिंग' हा शब्द मला त्यासाठी लागूच पडत नाही. आमच्यासाठी तो रोडच आहे, फक्त सरकारनं अजून केलेला नाही.

घाटमाथा, ७०० मिमीचा आकडा मलाही आधी मोहात पाडत होता. रॉक्सचा ६५० आहे. पण आमच्या वाटेवर एक ओढा आहे, म्हणून विचारतो: हे आकडे वाहत्या पाण्याला लागू होतात का?

स्पॅनर

नाही, आणि हे ठळक अक्षरांत लिहून ठेवा. तो आकडा इंजिनात पाणी शिरण्याबद्दलचा आहे, तोही हळू आणि एका गतीनं गेलात तर. वाहतं पाणी गाडीला बाजूनं ढकलतं. त्याला साडेसहाशे मिमी लागत नाही, गुडघ्याएवढा जोरदार प्रवाह पुरतो. तळ दिसत नसेल तर फोर बाय फोर असो की रणगाडा, थांबायचं. शिवाय इंजिनात पाणी गेलं तर साध्या विम्यात ते सहसा बसत नाही. इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कलम घ्या. पावसाळ्यात गावी जाणाऱ्यानं ते टाळू नये.

आणि रॉक्सचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर, २८५० मिमी आहे, तीन दारांच्या थारचा २४५०. लांब गाडी आत आरामशीर, पण उंचवट्यावर पोट टेकते. तुमच्या पाणंदीत मधला उंचवटा किती आहे? ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या खोल असतील तर चाकं चाकोरीत न घालता एक चाक मधल्या उंचवट्यावर ठेवून चालवावं लागेल. जाऊन मोजून या.

नेमस्त

एक वेगळा मुद्दा. तुम्हीच म्हणता की प्रश्न एका चढाचा आहे. दोन किलोमीटरपैकी वाईट भाग किती? तेवढ्यावर मुरूम आणि दगडाची भर टाकायला काय खर्च येईल ते विचारलं का? साध्या आणि फोर बाय फोर गाडीतल्या फरकात चढ पक्का होऊन पैसे उरतील असा माझा अंदाज आहे. त्या चढावरून फक्त तुमची आई जात नाही, सगळी वाडी जाते. बाकीच्यांच्या आया आजही खुर्चीतूनच येणार का? शेत-पाणंद रस्त्यांसाठी सरकारी योजना आहे, ग्रामपंचायतीत विचारा.

अमृतवेल

हे आपल्या कुणाच्याच मनात आलं नाही. पण रस्ता होईपर्यंत चार पावसाळे जातील, हेही खरं.

पाणंदवाट

दोन रविवारांनंतर लिहितोय.

पहिल्या रविवारी टेप घेऊन पाणंद मोजली. वाईट पट्टा दोनशे मीटरचा निघाला, त्यातला चढ ऐंशी. चाकोरी सगळ्यांत खोल आहे तिथं वीतभर. ओढ्यावर पाईप टाकून भराव केलेला आहे, पण मोठ्या पावसात पाणी त्यावरून जातं. तेव्हा कुठलीही गाडी असली तरी थांबायचं, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवलं. वाडीतल्या सहा घरांची बैठक झाली. चढासाठी वर्गणी काढायची ठरली आणि ग्रामसभेत अर्ज देणार आहोत. नेमस्त, हे तुमच्यामुळे झालं.

दुसऱ्या रविवारी आईला घेऊन तीन शोरूम फिरलो. अमृतवेलताईंनी सांगितल्याप्रमाणे पाच वेळा चढ-उतार. एका गाडीत दुसऱ्याच वेळी तिचा चेहरा उतरला, ती आम्ही तिथंच सोडली. रॉक्समध्ये पायरी बसवून घेतल्यावर आणि खांबावरच्या दांड्याला हात पोचल्यावर ती स्वतःची स्वतः चढली. कुणी हात द्यायला पुढे गेलं तर तिनं बाजूला केलं.

रॉक्स डिझेल, ऑटोमॅटिक, फोर बाय फोर बुक केली. बजेट ओलांडलं आहे, ते मान्य.

नेमस्त

अभिनंदन. माझं मत तेच आहे. चढ पक्का झाला की ही गाडी तुम्हाला मोठी वाटेल. वर्गणीत माझे दोन हजार धरा.

स्पॅनर

गाडी आली की पहिली फेरी पावसाळ्याआधी मारा, दिवसाउजेडी, एकट्यानं. तोच चढ लो रेंजमध्ये चारदा चढा-उतरा, म्हणजे रात्री हाताला सवय असेल. महिन्यातून एकदा मातीवर फोर बाय फोर टाकून दोन किलोमीटर चालवत जा, नाहीतर गरजेच्या दिवशी ती जोडलीच जात नाही. कोरड्या डांबरीवर मात्र टाकू नका. वळताना पुढची-मागची चाकं वेगवेगळ्या गतीनं फिरायला बघतात आणि ताण सगळा पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या ट्रान्सफर केसवर येतो. डिकीत ओढायचा पट्टा, तो अडकवायच्या दोन कड्या (शॅकल) आणि एक फावडं. टायरचं बघायचं झालं तर सगळ्या वाटांना चालणारे ऑल टेरेनच घ्या, चिखलासाठीचे मड टेरेन नको. बायपासवर आवाज करतात आणि ओल्या डांबरीवर ब्रेकला कमी पडतात.