मदत हवी आहे: जुन्या बॅंजोचा काळ कसा ओळखावा?

नमस्कार मंडळी. बॅंजो म्हणजे आपल्या मिरवणुकीतला बटणांचा नव्हे. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांच्या भोपळ्याच्या वाद्यांतून अमेरिकेत घडलेला, कातडं ताणलेला.

मी मेरीलँडमध्ये राहतो. इथल्या एका जुन्या सामानाच्या लिलावात पाच तारांचा एक बॅंजो मिळाला. दांडीवर पडदे (सतारीवर असतात तशा स्वरांच्या पट्ट्या) अजिबात नाहीत, पडदे काढून बुजवल्याच्या खुणाही नाहीत. पाचव्या तारेची खुंटी दांडीच्या मध्यावर, कातडं ज्यावर ताणतात ते गोल कडं पातळ वाकवलेल्या लाकडाचं, आणि दांडीचं टोक व्हायोलिनसारखं वळणदार! त्या वळणामुळे मनात बाल्टिमोरचे विल्यम बाउचर आले. ते ढोलही बनवत आणि १८४०च्या दशकात बॅंजो विकत. पण अशी वळणं इतरांनीही केली असणार, आणि पडदे रुळल्यानंतरही बिनपडद्यांचे बॅंजो बनत होते. त्यामुळे एवढ्यावर ठरवणं मला धाडसाचं वाटतं.

कड्याच्या आतून जाणाऱ्या काठीवर शिक्का किंवा क्रमांक दिसत नाही. फिलाडेल्फियाचे बॅंजो बनवणारे स्ट्यूअर्ट यांच्या बॅंजोंवर तो असतो.

तर, कातडं ताणून धरणारे आकडे (हुक) आणि स्क्रूंवरून काळ ठरवता येतो का? कातडं फाटलंय, ते काढण्याआधी कशाचे फोटो घेऊ? तोवर मी काहीही पुसणार नाही, पॉलिश तर नाहीच. जाणकारांनी कृपया सांगा.