एम ३१ वर टीडब्ल्यूआरपी टाकताना लटकलो, आता फक्त निळसर स्क्रीन येतेय

बंदरकाठ, हर्णै

मंडळी नमस्कार, आधीच सांगतो चूक माझीच आहे त्यामुळे शिव्या नंतर घाला. बाबांचा जुना सॅमसंग एम ३१ आहे, मॉडेल एसएम-एम३१५एफ, २०२० मध्ये घेतलेला. बाबांना नवीन फोन आणला म्हणून हा घरात पडून होता, बॅटरी ६००० ची असल्यामुळे अजून आरामात दीड दिवस जातो, तर म्हटलं याच्यावर एखादा हलका रॉम, म्हणजे कंपनीच्या सिस्टमऐवजी दुसरी सिस्टम, टाकू आणि होडीवर ठेवून देऊ, ऑफलाइन मॅप आणि गाणी, बाकी काही नको. ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, जाळी शिवून शिवून बोटं दुखायला लागली, त्यात हे सुचलं.

केलं काय ते सांगतो. डेव्हलपर ऑप्शनमध्ये ओईएम अनलॉक (बूटलोडरचं, म्हणजे फोन सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमचं कुलूप उघडायची परवानगी) चालू केलं, फोन बंद करून दोन्ही व्हॉल्यूम दाबून केबल लावली, वॉर्निंग आली, व्हॉल्यूम अप दाबून धरलं, अनलॉक झालं, फोन सगळा पुसला गेला. इथपर्यंत व्हिडिओत होतं तसंच. सेटअपला वायफाय मागितलं ते मी स्किप केलं कारण तीन दिवस पाऊस नुसता कोसळत होता, लाईट नाही, टॉवरपण झोपलेला, नेट आणणार कुठून. फाइली आधीच उतरवून ठेवल्या होत्या म्हणून लॅपटॉपच्या बॅटरीवरच ओडिन (सॅमसंगमध्ये सॉफ्टवेअर भरायचं, म्हणजे फ्लॅश करायचं, सॉफ्टवेअर) उघडलं, त्याच्या एपी खान्यात टीडब्ल्यूआरपीची, म्हणजे रॉम टाकायला लागते त्या बाहेरच्या रिकव्हरीची, टार फाइल टाकली, स्टार्ट दाबलं आणि लगेच फेल. फोनवर लाल अक्षरात "ओन्ली ऑफिशियल रिलीज्ड बायनरीज आर अलाउड टू बी फ्लॅश्ड" आणि शेवटी "रिकव्हरी" असं आलं. मला वाटलं फाइलच खराब, अजून दोन होत्या त्या लावल्या, तेच.

मग पाऊस जरा उघडल्यावर एका मोबाइलवाल्याकडे घेऊन गेलो. त्याच्या हार्डडिस्कवर याच मॉडेलचं अँड्रॉइड १० चं फर्मवेअर, म्हणजे कंपनीचं मूळ सॉफ्टवेअर, होतं ते त्याने टाकलं, परत फेल, यावेळी मेसेज वेगळा, एसडब्ल्यू रेव्ह चेक फेल, डिव्हाइस २, बायनरी १. तो म्हणाला बोर्ड गेला, साडेचार हजार होतील. आता फोन चालू केला की निळसर स्क्रीनवर लिहून येतं की सॉफ्टवेअर अपडेट करताना एरर आली, स्मार्ट स्विचमधून इमर्जन्सी रिकव्हरी वापरा. बाबांना अजून सांगितलेलं नाहीये. खरंच बोर्ड गेला असेल का?

ताडगोळा, अलिबाग

बोर्ड नसेल गेला. ओडिनमध्ये ऑप्शनच्या टॅबमध्ये री-पार्टिशन आणि नॅण्ड इरेज दोन्हीला टिक कर आणि परत मार, माझ्या मित्राचा असाच उठला होता.

लाल माती, कुडाळ

बंदरकाठ, फोन मेललो नाय हा, घाबरू नको. आणि वरती ताडगोळ्याने सांगितलंय ते अजिबात करू नको, नॅण्ड इरेजने आयएमईआयच (फोनचा ओळख नंबर) गेला तर नंतर सिम लागणार नाही, मग फोन नुसता गाणी वाजवायचा डबा होईल. (तुला तेच हवंय म्हणा, पण तरी.) मित्राचा उठला असेल तर नशिबाने उठला.

तुझ्या गोष्टीत दोन वेगवेगळे आजार आहेत आणि तू ते एकच समजून औषध देत बसलायस. पहिला मेसेज म्हणजे फोन तुझी फाइल घ्यायलाच तयार नाही, फाइल चांगली आहे की खराब हा प्रश्नच तिथे येत नाही. दुसरा मेसेज म्हणजे फोन जुनं फर्मवेअर घ्यायला तयार नाही. बोर्ड गेला असता तर त्याने इतकं व्यवस्थित भांडणच केलं नसतं, तो गप्प राहिला असता. आधी एक काम कर, फोन डाउनलोड मोडला (ओडिनला जोडतो ती अवस्था) ने आणि डाव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात ज्या ओळी येतात त्या सगळ्या इथे लिही. विशेषतः केजी स्टेट (बाहेरचं सॉफ्टवेअर घ्यायला फोन तयार आहे का ते यावरून कळतं) काय आहे, ओईएम लॉक काय आहे आणि एसडब्ल्यूआरईव्ही (बूटलोडरची आवृत्ती) पुढे काय आकडा आहे.

बंदरकाठ, हर्णै

दादा जीवात जीव आला. ओळी बघितल्या, आकडे बारीक आहेत, बहिणीकडून वाचून घेतले. ओईएम लॉक ऑफ. केजी स्टेट प्रीनॉर्मल. एसडब्ल्यूआरईव्ही मध्ये बी, के, एस तिघांपुढे २. वॉरंटी व्हॉइडपुढे शून्यच आहे अजून.

लाल माती, कुडाळ

बघ, उत्तर तूच लिहिलंस.

प्रीनॉर्मल. बूटलोडर अनलॉक केला म्हणजे दाराची कडी काढली, पण सॅमसंगमध्ये आतून अजून एक अडसर असतो, त्याला व्हॉल्टकीपर म्हणतात. अनलॉक झाल्यावर फोन एकदा पूर्ण चालू होऊन नेटला लागला पाहिजे, तेव्हा तो खात्री करून घेतो आणि मगच बाहेरची रिकव्हरी घेतो. तू वायफाय स्किप केलंस तिथेच घोडं पेंड खाल्लं. व्हिडिओवाला शहरात बसलेला असतो, त्याचा फोन आपोआप नेटला लागतो त्यामुळे त्याला ही पायरी वेगळी सांगावीशी वाटत नाही, आपल्याकडे पावसाळ्यात नेट ही गृहीत धरायची गोष्ट नाही. तुझ्या तिन्ही फाइली बहुतेक ठीकच होत्या.

आता दुसरं. फर्मवेअरच्या नावात शेवटून पाचवं अक्षर बघायचं, तो बूटलोडरचा आकडा. दुकानवाल्याच्या फाइलमध्ये तिथे १ होता, तुझा फोन अपडेट होत होत २ वर गेलाय. हा आकडा फोनच्या आत फ्यूज जाळून लिहितात, वर जातो, खाली कधीच येत नाही, त्यामुळे १ ची फाइल कुणीही कितीही वेळा मारली तरी फेलच होणार, साडेचार हजार देऊनही. बाकी अक्षरंपण कामाची आहेत, शेवटून तिसरं म्हणजे वर्ष, टी २०२०, यू २०२१, व्ही २०२२, आणि शेवटून दुसरं म्हणजे महिना, ए जानेवारी, बी फेब्रुवारी असं पुढे. एकदा वाचायला शिकलास की दुकानवाल्याच्या हार्डडिस्ककडे नुसतं बघून सांगशील काय जुनं आणि काय चालेल.

तर करायचं असं. फ्रिजा नावाचं छोटं सॉफ्टवेअर आहे विंडोजसाठी, त्यात मॉडेल एसएम-एम३१५एफ, रिजन आयएनएस आणि मागितला तर आयएमईआय टाकला की सरळ कंपनीच्या सर्व्हरवरून शेवटचं फर्मवेअर येतं, ते अँड्रॉइड १२ चं असेल, त्याच्या पुढे या फोनला आलंच नाही. पाच जीबीच्या आसपास धर. उघडलंस की बीएल, एपी, सीपी आणि सीएससी अशा फाइली निघतील, शिवाय एक होम सीएससी. होम सीएससीने डेटा राहतो, साध्या सीएससीने पुसतो. तुझा डेटा तसाही अनलॉक करतानाच गेलाय, तेव्हा साधी सीएससी घे, स्वच्छ काम होईल. चारही फाइली आपापल्या खान्यात, ऑप्शनमध्ये ऑटो रिबूट आणि एफ रिसेट टाइम याशिवाय कशालाही हात लावायचा नाही. एपी टाकताना ओडिन दोन-चार मिनिटं गोठल्यासारखं होतं, वर नॉट रिस्पॉन्डिंग लिहून येतं, तो फाइल तपासत असतो, तेव्हा बंद करू नको, चहा पिऊन ये.

त्या निळसर स्क्रीनवर असतानाच केबल लाव, ती पण एक प्रकारची डाउनलोड मोडच आहे, ओडिन ओळखेल.

वाशिष्ठीकाठ, चिपळूण

लाल मातींनी सगळं बरोबर सांगितलंय, फक्त दोन गोष्टी जोडतो कारण दोन्हींत मी स्वतः माती खाल्लीये.

एक, पेनड्राइव्ह. गावात नेट नाही म्हणून तू कुणाकडून तरी पेनड्राइव्हवर फर्मवेअर आणशील, आणि पेनड्राइव्ह फॅट ३२ मध्ये असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसतच नाही, जागा ३२ जीबी मोकळी दिसते तरी म्हणतो फाइल टू लार्ज. मी चिपळूणहून गुहागरला दोनदा गेलो-आलो या नादात. आधी एक्सफॅट किंवा एनटीएफएस करून घे.

दुसरं, केबल आणि पोर्ट. तू बंदरावर राहतोस, त्या फोनचं चार्जिंगचं तोंड खाऱ्या हवेने हिरवं पडलं असणार. फोन बंद ठेवून, लाकडी टूथपिकने हळू साफ कर, आत फुंकर मारू नको, तोंडाची वाफ परत आतच जाते. केबल डेटावाली पाहिजे, दहा-वीस रुपयांच्या बऱ्याच केबल नुसत्या चार्जिंगच्या असतात, त्यात ओडिनमध्ये कॉमचा खाना निळा होतच नाही आणि माणूस तासभर ड्रायव्हर बदलत बसतो. आणि फ्लॅश चालू असताना केबल हलली तर पुन्हा पहिल्यापासून. लॅपटॉप पूर्ण चार्ज करून बस, माझा आधीचा लॅपटॉप २०२१ च्या पुरात वाहून गेला तेव्हापासून मी पावसाळ्यात लाईटच्या भरवशावर काहीच करत नाही.

सोलकढी, वेंगुर्ले

मी थोडं वेगळं बोलू का? होडीवर नुसता मॅप आणि गाणी हवीत तर रॉम बदलायची गरजच काय आहे. स्टॉक, म्हणजे कंपनीचंच सॉफ्टवेअर टाक, गुगलची नको ती अ‍ॅप बंद कर, अकाउंट टाकूच नको, झाला फोन हलका. वॉरंटी व्हॉइडपुढे अजून शून्य आहे म्हणतोस, म्हणजे नॉक्स, सॅमसंगची सुरक्षा व्यवस्था, अजून शाबूत आहे. एकदा टीडब्ल्यूआरपी बसली की तो कायमचा फुटतो, परत स्टॉक टाकलं तरी भरून येत नाही, सिक्युअर फोल्डर वगैरे गेलं. आणि बूटलोडर उघडा असला की बऱ्याच बँकेच्या आणि यूपीआयच्या अ‍ॅप कटकट करतात. आमच्याकडे भावाने आईच्या चालू फोनवर हा प्रयोग केला, दुसऱ्या दिवशी मच्छीवालीला पैसे पाठवता येईनात, घरात दोन दिवस महाभारत.

बंदरकाठ, हर्णै

ताई पटतंय, पण आता हात घातलाय तर पूर्ण करूनच बघायचंय. होडीवरच्या फोनवर यूपीआय नकोच आहे, उलट नसलेलं बरं.

लाल माती, कुडाळ

सोलकढींचं म्हणणं खरं आहे, मीपण पहिल्यांदा हेच म्हणणार होतो. पण शिकायचंय तर पडीक फोनवरच शिकावं, हेही खरं. मग पुढचं ऐकून ठेव.

स्टॉक बसल्यावर फोन चालू कर, यावेळी नेट लाव, वाट्टेल तिथे जा पण लाव. डेव्हलपर ऑप्शन उघड, ओईएम अनलॉकचा पर्याय दिसला पाहिजे आणि तो राखाडी असला पाहिजे, चालू-बंद करता येत नाही असा. तसं दिसलं की डाउनलोड मोडला जाऊन केजी स्टेट बघ, प्रीनॉर्मल जाऊन चेकिंग आलेलं असेल. नसेल आलं तर फोन नेटला लावून चालू ठेव, काहींना ७ दिवस थांबावं लागतं, मध्ये तारखा पुढे करायचे उद्योग करू नको. मग टीडब्ल्यूआरपी, आणि तिच्यासोबत पॅच केलेला व्हीबीमेटा (सही तपासण्याशी संबंधित फाइल) लागेल, नाहीतर फोन रिकव्हरीची सही जुळत नाही म्हणून अडेल. यावेळी ओडिनमध्ये ऑटो रिबूटची टिक काढ. फ्लॅश झालं की व्हॉल्यूम डाउन आणि पॉवर दाबून धर, स्क्रीन काळी झाली रे झाली की बोट लगेच व्हॉल्यूम अपवर, पॉवर तसंच दाबलेलं, केबल लावलेलीच ठेव. ही एक सेकंदाची कसरत आहे, चुकली आणि फोन सिस्टममध्ये गेला तर तो आपली जुनी रिकव्हरी परत बसवतो आणि तुला वाटतं फ्लॅशच झालं नाही. आत गेल्यावर स्टोरेज शून्य एमबी दिसेल किंवा फोल्डरांची नावं वेड्यासारखी दिसतील, ते एन्क्रिप्शन आहे, फॉरमॅट डेटा करून येस टाइप करायचं. नुसतं वाइप पुरत नाही.

बंदरकाठ, हर्णै

चार दिवसांनी येतोय, माफी. दापोलीला मावशीकडे जाऊन वायफायवर फर्मवेअर उतरवलं, पेनड्राइव्हचं खरंच तसंच झालं, चिपळूणवाले दादा तुमचे आभार, मी ते वाचलं नसतं तर ओडिनलाच शिव्या घातल्या असत्या. पहिल्यांदा ओडिनने फोन ओळखलाच नाही, टूथपिकने तोंड साफ केलं तर आतून चक्क वाळू निघाली, मग बहिणीच्या फोनची केबल घेतली आणि कॉमचा खाना निळा झाला. एपी टाकल्यावर गोठलं, मी खरंच चहा प्यायला गेलो. परत आलो तर हिरव्यात पास. फोन चालू झाल्यावर मावशीकडेच नेट लावून ठेवला, दुसऱ्या दिवशी केजी स्टेट चेकिंग दिसलं.

टीडब्ल्यूआरपी दुसऱ्या प्रयत्नात बसली, पहिल्यांदा बोट उशिरा गेलं. रॉम अजून टाकलेला नाहीये, कारण मधल्या काळात बाबांना कळलं. मला वाटलं होतं ओरडतील, तर ते म्हणाले दुकानवाल्याला जाऊन दाखवून ये. एकच शंका, रॉम टाकण्याआधी आयएमईआय दिसतोय का ते बघून घेऊ ना?

लाल माती, कुडाळ

हो, डायलरमध्ये स्टार हॅश ०६ हॅश लाव, दोन्ही नंबर आले पाहिजेत. आले की आधी टीडब्ल्यूआरपीमधून ईएफएसचा, म्हणजे आयएमईआय असतो त्या भागाचा, बॅकअप घे, आणि तो फोनच्या आत ठेवू नको, मेमरी कार्डवर घेऊन एक कॉपी लॅपटॉपवर. रॉम नंतर. आणि बहिणीची केबल परत कर.