वेल्सचे किल्ले की स्कॉटलंड? बडोद्याहून जुलैत निघतोय, सल्ला हवाय

बडोदेकरीण:
नमस्कार मंडळी. जुलैमध्ये यूकेला जायचं नक्की झालंय. दीर-जाऊ मँचेस्टरला असतात त्यामुळे राहायची काळजी नाही, पण लंडन आणि नातेवाईक वजा करता जो आठवडाभर मोकळा उरतोय त्याचं काय करायचं यावरून घरात दोन पार्ट्या पडल्यात. ह्यांचं म्हणणं एडिंबरा, कारण ऑफिसातले सगळे तिथेच जाऊन आलेत. मला नॉर्थ वेल्स बघायचंय, तेराव्या शतकातले किल्ले, तटबंदीच्या आत अजून नांदतं गाव, रात्री मोबाईलवर तेच बघत बसते. एका टूरवाल्याला विचारलं तर त्याने एका दिवसात चार किल्ले, एक धबधबा आणि शेवटी शॉपिंग आउटलेट असा कागद पाठवून दिला, म्हणजे खाली उतरा, फोटो काढा, बसमध्ये बसा.

सोबत सासूबाई (सत्तरी ओलांडलीय, गुडघे त्रास देतात, पावागडला रोपवेने वर गेल्या पण पुढच्या पायऱ्या बघून तिथूनच हात जोडले), सासरे एकदम ठणठणीत, आणि आमचे चिरंजीव वय १०, त्यांना लढाई कुठे झाली एवढंच विचारायचं असतं. सगळे शाकाहारी, सासूबाईंना अंडंही चालत नाही.

तर कुठले किल्ले धरायचे, कुठले सोडायचे, गाडी भाड्याने घ्यावी का ट्रेनने जमतं, आणि पायऱ्यांचं काय? दांडिया बाजारातले एक काका म्हणाले, तिकडचे किल्ले सगळे सारखेच, एक बघितला की झालं. खरंय का हे?

मांजलपूरचा_मन्या:
ताई, एडिंबराच करा, बाकी सगळं विसरा. किल्ला शहराच्या डोक्यावर काळ्या कातळावर उभा आहे, खाली जुनं शहर, चालत सगळं होतं. फक्त उन्हाळ्यात तिकीट आधी ऑनलाइन काढा, तिथे जाऊन मिळेल या भरवशावर राहू नका. आणि ऑगस्ट लागायच्या आत निघा, फेस्टिव्हल सुरू झाला की हॉटेलचे भाव बघवत नाहीत. वेळ उरला तर ट्रेनने स्टर्लिंग, मुलाला इंग्रजांशी लढलेल्या स्कॉटिश वॉलेसची गोष्ट सांगा, १२९७ ची पुलावरची लढाई, खूश होईल.

चेस्टरचा_बडोदेकर:
मन्या चुकीचं काही सांगत नाहीये, पण ताईंनी वेल्स विचारलंय तर वेल्सचंच सांगतो. मी मूळ रावपुऱ्याचा, आता बरीच वर्षं चेस्टरला आहे, बडोद्याहून आलेल्या पाहुण्यांना हे किल्ले दाखवायची ड्यूटी माझ्याकडेच असते.

आधी तुमच्या काकांचा मुद्दा. सारखे अजिबात नाहीत. कॉन्वी, केर्नार्व्हन, हार्लेक आणि बोमॅरिस हे चार इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने वेल्स जिंकल्यावर बांधले, मुख्य गवंडी एकच, सेंट जॉर्जचा मास्टर जेम्स, आणि १९८६ पासून चारही मिळून एकच जागतिक वारसा स्थळ आहे, म्हणून कागदावर सारखे वाटतात. पहिले तीन १२८३ ला सुरू झाले, बोमॅरिस १२९५ ला. पण कॉन्वी कातळाच्या आकाराप्रमाणे लांबुळका, आठ जाड गोल बुरूज. केर्नार्व्हनचे बुरूज गोल नाहीत, बहुकोनी, आणि भिंतीत वेगळ्या रंगाच्या दगडांचे आडवे पट्टे, राजाला तिथे नुसता किल्ला नको होता, राजवाड्याचा थाट हवा होता. हार्लेक उंच कड्यावर. बोमॅरिस सपाट दलदलीत, त्यामुळे आखणी अगदी मापात, तटाच्या आत तट आणि बाहेर पाण्याचा खंदक, पण तो पुरा झालाच नाही, एडवर्डचा पैसा स्कॉटलंडच्या लढायांकडे वळला. म्हणजे तुमच्या घरातला वाद तेव्हाही होता असं म्हणा.

आता मुक्काम. माझं ऐकाल तर रोज मँचेस्टरहून ये-जा करू नका, कॉन्वीत तटाच्या आत दोन-तीन रात्री काढा. दुपारी टूरच्या बसेस असतात, संध्याकाळी गाव पुन्हा गावकऱ्यांचं होतं. जुलैत साडेनऊपर्यंत उजेड असतो, जेवून तटावरून चालायला जाता येतं. तट जवळजवळ १.३ किलोमीटर, २१ बुरूज, वरून चालायला फुकट. वरून लोकांच्या परसात वाळत घातलेले कपडे, मागे बंदरातल्या होड्या, सगळं दिसतं. सासूबाईंना मात्र वर नेऊ नका, मधले जिने उभे आहेत. त्यांना खाली धक्क्यावर बसवा, नाहीतर प्लास मॉर दाखवा, एलिझाबेथच्या काळातलं श्रीमंताचं घर आहे, आतली चुन्याची नक्षी रंगवलेली, आपल्याकडच्या जुन्या वाड्यांची आवड असेल तर तास कसा गेला कळत नाही (तिथेही वरच्या मजल्यावर जायला जिनाच आहे, तळमजला आणि अंगण आरामात होतं).

ट्रेन मँचेस्टरहून लँडुडनोकडे जाते, लँडुडनो जंक्शनपर्यंत दोन तासांच्या आसपास, तिथे कॉन्वीसाठी बहुधा गाडी बदलावी लागते. कॉन्वी स्टेशन तटबंदीच्या आतच आहे आणि गाडी किल्ल्याच्या भिंतीला अगदी घासून जाते, १८४८ चा लोखंडी नळीसारखा पूल आहे त्यातून. पण कॉन्वीला गाडी आपणहून थांबत नाही, आधी गार्डला सांगावं लागतं की उतरायचंय, आणि चढताना प्लॅटफॉर्मवरून रिक्षाला करतो तसा हात करायचा. विसरलात तर पुढे जाल.

रेलकार्ड नक्की काढा. फॅमिली अँड फ्रेंड्स नावाचं आहे, त्यात चार मोठे आणि चार मुलं बसतात, सोबत ५ ते १५ वयाचं एक तरी मूल हवं, ते तुमच्याकडे आहेच. मोठ्यांना एक तृतीयांश आणि मुलाला ६० टक्के सूट. तुम्हा सगळ्यांचं एकाच कार्डात निघतं.

गडकोट_वाघोडिया_रोड:
वर सगळं बरोबर आहे पण मुलगा लढाई विचारतो म्हणालात म्हणून मुद्दाम लिहितोय. कॉन्वीचा किल्ला १४०१ मध्ये वेल्सच्या लोकांनी कसा घेतला ते त्याला सांगा. गुड फ्रायडेचा दिवस, किल्ल्यातली शिबंदी गावातल्या चर्चमध्ये प्रार्थनेला गेलेली, दारावर मोजके पहारेकरी. एक जण सुतार बनून आला, काम आहे म्हणाला, आत घेतल्याबरोबर पहारेकरी कापले आणि बाहेर दबा धरून बसलेले साथीदार आत घुसले. इंग्लंडच्या राजाविरुद्ध उठलेल्या वेल्सच्या ओवेन ग्लिंडूरच्या बंडाच्या वेळची गोष्ट, करणारे ट्यूडर घराण्यातले दोन भाऊ, गविलिम आणि ऱ्हिस, ज्या घराण्यातून पुढे इंग्लंडचे राजे निघाले. एवढे पैसे ओतून बांधलेला किल्ला एका सुताराने उघडला. आपल्याला गडांवरच्या अशा युक्त्या माहितीच आहेत, त्यामुळे ऐकायला लगेच आवडतं.

दुसरं, तिथे गेल्यावर समुद्राकडे बघा. आपले सह्याद्रीतले गड उंची आणि टाक्यांतल्या पाण्याच्या जोरावर तगतात. हे चारही किल्ले रसदीच्या जोरावर उभे आहेत, वेढा पडला तरी जहाजाने धान्य येईल अशाच जागा निवडल्यात. वेल्सच्या लोकांच्या १२९४ च्या बंडात स्वतः एडवर्ड कॉन्वीत अडकला होता आणि खायची ददात झाली होती. हार्लेकला आता समुद्र बराच मागे हटलाय, खाली वाळूच्या टेकड्या आणि मैदान दिसतं, पण कड्यावरून खाली उतरणारी पायऱ्यांची वाट आणि पाण्याकडचा दरवाजा अजून आहे, जहाजं पूर्वी तिथवर यायची. हे सांगितल्याशिवाय किल्ला तिथे का आहे तेच कळत नाही.

आणि एक विनंती, फक्त एडवर्डचे किल्ले बघून परत येऊ नका. या गावांत तटाच्या आत इंग्लिश लोक आणून वसवले होते, वेल्सच्या माणसाला आत राहायची बंदी होती. ज्यांना हरवलं त्यांचंही काहीतरी बघा. लानबेरिस गावाला डोलबादर्न किल्ला आहे, वेल्सचा राजा लुएलिन द ग्रेट याच्या वेळचा एकच गोल बुरूज, तळ्याच्या काठी, मागे डोंगर. तिकीट नाही. वीस मिनिटांत बघून होतो, पण चारही किल्ले बघितल्यावर हा बघितला की फरक डोळ्यांत भरतो.

बडोदेकरीण:
बाप रे, तुम्ही सगळ्यांनी केवढं लिहिलंत! सुताराची गोष्ट चिरंजीवांना वाचून दाखवली, लगेच विचारलं तो सुतार नंतर राजा झाला का. ह्यांनाही वाचायला दिलं, एडिंबराचा आग्रह जरा सैल पडलाय.

पण सासूबाईंचं अजून नक्की होत नाही. चारपैकी त्यांना कुठे खरंच आत जाता येईल? आणि गाडी?

चेस्टरचा_बडोदेकर:
केर्नार्व्हन आणि बोमॅरिस, डोळे मिटून. केर्नार्व्हनच्या किंग्ज गेटचं काम २०२३ मध्ये पूर्ण झालं, आता तिथे लिफ्ट आहे आणि वर दरवाज्याच्या माथ्यावर डेक केलाय, खाली नदी, गाव, सगळा किल्ला दिसतो. माझ्या आईला नेलं होतं, ती वर जाऊन अर्धा तास बसली, आम्ही बुरुजांवर दमून खाली आलो तरी उठेना. चिरंजीवांना तिथेच सांगा की ठरल्याप्रमाणे बांधला असता तर आत शिरायला पाच दरवाजे आणि वरून सोडायच्या सहा जाळ्या ओलांडाव्या लागल्या असत्या. भिंतीतल्या जंग्याही नीट बघायला लावा, बाहेरून एक बारीक फट दिसते पण आतून तिरंदाजांना वेगवेगळ्या कोनांतून मारा करता येतो.

बोमॅरिस सपाट, आतलं गवताचं मैदान मोठं, बाक आहेत. हार्लेक त्यांच्यासाठी सोडा, किंवा जायचंच तर वरच्या रस्त्याने जा, खालच्या स्टेशनवरून चढून नाही, तो रस्ता गावातल्या लोकांनासुद्धा धाप लावतो. वर व्हिजिटर सेंटरपासून किल्ल्यापर्यंत पूल केलाय. कॉन्वीत खालचं अंगण होतं, बुरुजातले गोल जिने अरुंद आणि दगड झिजलेले, तिथे नको.

गाडी घ्या. इथेही डाव्या बाजूने चालवतात आणि व्हिजिटर असाल तर भारतीय लायसन्स चालतं. फक्त वेल्समध्ये गावातून जाताना वेग ताशी २० मैल, २०२३ पासून, पाटी दिसली नाही तरी २० च धरा, नाहीतर दंडाचं पत्र दिराकडे येईल. सगळे गाडीने जाणार असाल तर मी वर सांगितलेलं रेलकार्ड काढू नका, फुकट जाईल.

काडू म्हणून तिथलं सरकारी वारसा खातं आहे, हे चारही त्यांच्याकडे. त्यांचा एक्स्प्लोरर पास येतो तीन दिवसांचा आणि सात दिवसांचा, दिवस लागोपाठचे असायची गरज नाही. तीनपेक्षा जास्त किल्ले करणार असाल तर हिशोब करून बघा.

अलकापुरी_सून:
कोणीच पोविस कॅसल कसं नाही सुचवलं? इंग्लंडच्या सीमेजवळ वेल्शपूलला आहे, मँचेस्टरला परतताना वाट वाकडी करून होतो. प्लासीवाल्या रॉबर्ट क्लाइव्हच्या मुलाचं लग्न त्या किल्ल्याच्या मालक घराण्यात झालं, त्यामुळे क्लाइव्हने आणि मुलाने हिंदुस्थानातून नेलेलं सगळं तिथे ठेवलंय. टिपूचा तंबू आहे, सिंहासनावरचं सोन्याचं वाघाचं डोकं आहे, सिराजउद्दौलाची म्हणून सांगतात ती पालखी आहे. १७९९ ला श्रीरंगपट्टण पडलं तेव्हा क्लाइव्हचा मुलगा मद्रासचा गव्हर्नर होता, म्हणून तंबू त्याच्याकडे. चिंट्झचा छापील कपडा, त्यावरची फुलं अजून कालच रंगवल्यासारखी, मी तिथून हलेना.

मांजलपूरचा_मन्या:
म्हणजे तिकीट काढून आपलाच लुटलेला माल बघायचा? मला नाही जमणार.

अलकापुरी_सून:
मन्या, तुला नको तर नको. पण काचेत ठेवलेल्या वस्तूसमोर उभं राहून मुलाला 'हे इथे कसं आलं' हे विचारायला लावणं मला तरी बडोद्यात बसून वाचण्यापेक्षा बरं वाटलं. आणि बाग अप्रतिम आहे, उतारावर टप्प्याटप्प्याने. ताई, हा काडूच्या पासमध्ये नाही, नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेचा आहे, तिकीट वेगळं. बागेचे उतार सासूबाईंना जड जातील, आधी विचारून जा.

गडकोट_वाघोडिया_रोड:
पोविसला पाठिंबा. शिवाय तो मुळात वेल्सच्याच एका सरदार घराण्याचा किल्ला, जे एडवर्डच्या बाजूने गेलं. म्हणजे पुन्हा आपल्या ओळखीचीच गोष्ट.

बडोदेकरीण:
ठीक, मग कॉन्वीला मुक्काम, केर्नार्व्हन, बोमॅरिस, डोलबादर्न, आणि जाता-येता चेस्टर. पोविसवर घरात मतदान घेते. हार्लेकला फक्त बापलेक आणि सासरे जातील, मी आणि सासूबाई कॉन्वीत. खाण्याचं सांगा ना कोणीतरी, थेपले किती घ्यायचे?

अलकापुरी_सून:
थेपले भरपूर घ्या, पण तुम्ही किचनवाली कॉटेज घेतलीत तर उगीच ओझं नका करू. सुपरमार्केटमध्ये तांदूळ, डाळ, भाजी, दही सगळं मिळतं आणि पाकिटावर शाकाहारी असल्याचं लिहिलेलं असतं, मात्र त्यात अंडं चालतं हे लक्षात ठेवा, घटक वाचा. सासूबाईंसाठी केकच्या दुकानात सगळं टाळा, बारा ब्रिथ म्हणून वेल्सचा सुक्या मेव्याचा ब्रेड दिसेल, त्यातही बहुतेक अंडं असतं. बाहेर असाल तर भाजलेला बटाटा आणि बीन्स जवळजवळ प्रत्येक कॅफेत मिळतो. भारतीय जेवण हवंच असेल तर लँडुडनोला जा, कॉन्वीच्या अगदी शेजारी आहे. आणि पातळ रेनकोट प्रत्येकाला, जुलै असला तरी. छत्री तटावर उलटते.

चेस्टरचा_बडोदेकर:
हार्लेकला जाणाऱ्या पार्टीसाठी अजून एक. केर्नार्व्हनहून पोर्थमॅडॉगपर्यंत वाफेची छोटी गाडी जाते, वेल्श हायलँड रेल्वे, डोंगरांतून २५ मैल. चिरंजीवांना ती किल्ल्यापेक्षा जास्त आवडली तर मला दोष देऊ नका. पोर्थमॅडॉगहून साधी ट्रेन हार्लेकला थेट किल्ल्याच्या पायथ्याशी सोडते. वेळापत्रक आधी बघा, त्यावरूनच हार्लेकचा दिवस ठरवा, आणि किल्ला जुलैत सहापर्यंतच उघडा असतो, बाहेर लख्ख उजेड असला तरी.