'स्वार्म'ला मराठीत काय म्हणाल? थवा, झुंड की मोहोळ?

शब्दखुळा:
मंडळी एक शब्द हवाय आणि जरा लवकर हवाय, कारण भाचा मागे लागलाय. वय वर्षं नऊ, सध्या स्पायडरमॅन सोडून जगात दुसरं काही नाही. त्याला मार्व्हलमधल्या एका व्हिलनची गोष्ट मराठीत सांगत होतो, त्याचं नाव स्वार्म, म्हणजे इंग्रजीत माश्या-किड्यांचा मोठा समूह. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो: फ्रिट्झ फॉन मेयर नावाचा नाझी शास्त्रज्ञ, युद्ध संपल्यावर दक्षिण अमेरिकेत जाऊन मधमाश्या पाळायला लागतो, तिथे त्याला काहीतरी भलत्याच हुशार झालेल्या माश्या सापडतात, त्यांच्या राणीला ताब्यात घ्यायला जातो आणि माश्या त्याला खाऊन टाकतात. उरतो नुसता सांगाडा. पण ह्याचं मन माश्यांमध्ये शिरतं, मग त्या सांगाड्याभोवती हजारो माश्या माणसाच्या आकारात गोळा होतात, वरून एक झगा, आणि झाला व्हिलन तयार. १९७७ मध्ये 'चॅम्पियन्स'च्या १४ व्या अंकात पहिल्यांदा आला, लेखक बिल मँटलो आणि चित्रं जॉन बर्नची. कल्पना अचाट आहे की नाही?

तर प्रश्न असा की गोष्ट सांगता सांगता मी म्हणालो "मग तो थवा स्पायडरमॅनवर धावून आला" आणि भाचा म्हणाला थवा तर पोपटांचा असतो. माशी शिंकली ती इथे. स्वार्मला आपल्याकडे नेमका शब्द काय?

चष्मिस:
थवा चूक नाहीये. थवा म्हणजे उडणाऱ्यांचा समूह, बगळ्यांचा थवा, पोपटांचा थवा, टोळांचा थवासुद्धा म्हणतात. मात्र थव्याला एक छान लय असते, तो आकाशातून जातो, आपण खालून बघतो आणि कविता सुचते, त्याची भीती वाटत नाही. भाच्याला खटकलं ते बहुतेक ह्यामुळेच. झुंड म्हणून बघा. झुंड म्हटलं की लगेच दंगल, जमाव, झुंडशाही, सगळं डोळ्यांसमोर येतं, आणि व्हिलन नाझी असेल तर झुंड अर्थानेसुद्धा बरोब्बर बसतो.

शब्दखुळा:
झुंड माणसांची किंवा कुत्र्यांची वाटते हो मला. माश्यांची झुंड म्हटलं की हिंदी डबिंग ऐकल्यासारखं होतं.

कोयनाकाठ:
अहो मधमाश्या आहेत ना, मग शोधायचं काय त्यात, मोहोळ! आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. मोहोळ म्हणजे नुसतं पोळं नाही, पोळं म्हणजे मेणाचं घर, आणि मोहोळ म्हणजे ते घर, त्यातला मध, त्याच्यावर बसलेल्या माश्या, सगळं मिळून. आणि "मोहोळ उठलं" म्हणतो तेव्हा पोळं जागेवरच असतं, उठतात त्या माश्या. म्हणजे तुमचा व्हिलन हा उठलेलं मोहोळ आहे, विषय संपला.

आता थोडं लांबण लावतो, कारण इथे इंग्रजी शब्दातच एक गोची आहे. आमच्या घरी मधपेट्या होत्या, सातेरीच्या (ही पेटीत पाळता येणारी मधमाशी), महाबळेश्वरच्या पट्ट्यात पुष्कळ घरांत असतात, मांघर गावाला तर २०२२ मध्ये 'मधाचं गाव' म्हणून जाहीर केलं, ते ऐकलं असेल. तर मधमाश्यावाले इंग्रजीत स्वार्म म्हणतात ते कशाला, तर वसाहत वाढून जागा पुरेनाशी झाली की जुनी राणी निम्म्याअधिक कामकरी माश्या घेऊन घर सोडते, जवळच्या एखाद्या फांदीवर सगळ्या एकमेकींना धरून द्राक्षाच्या घडासारख्या लटकतात, आणि काही माश्या नवीन जागा शोधायला जातात. ह्या वेळी त्यांचं पोट मधाने भरलेलं असतं, राखायला घर नाही, पिल्लं नाहीत, त्यामुळे त्या सहसा चावत नाहीत. माझे आजोबा असला घड नुसत्या हाताने पेटीत झाडायचे, मी अंगणातून बघायचो. (घरी करून बघू नका.) म्हणजे खरा स्वार्म हा बिचारा घर बदलणारा, बिऱ्हाड पाठीवर घेतलेला. आणि कॉमिकमधला तो चिडलेला, अंगावर येणारा. इंग्रजीत दोघांना एकच शब्द, आपल्याकडे दोन वेगळ्या गोष्टी. घर सोडून निघाल्या तर "माश्या उठून गेल्या" आणि चिडल्या तर "मोहोळ उठलं". गंमत बघा, क्रियापद दोन्हीकडे उठणंच आहे, नुसत्या "गेल्या"ने सगळा फरक पडतो.

त्यातही व्हिलनच हवा असेल तर साधं मोहोळ नको, आग्यामोहोळ म्हणा. ही माशी वेगळी, आकाराने मोठी, पेटीत राहतच नाही, कड्याला, उंच झाडाला, पाण्याच्या टाकीखाली एकच मोठं उघडं पोळं लावते. कुणी जवळ गेलं की पोळ्यावरच्या माश्या पोट वर उचलून अशी लाट सोडतात की सगळं पोळं एकदम थरथरल्यासारखं दिसतं, बघणाऱ्याच्या पोटात गोळाच येतो. गडांवर ट्रेकला जाणाऱ्यांनी शेकोटी, धूर, अत्तर असलं काही करू नये म्हणतात ते ह्याच माशीमुळे.

राजेहो_बोला:
आमच्या वऱ्हाडात विचाराल तर दुसराच शब्द सांगतील भाऊ. टोळधाड. मे २०२० आठवतो का, लॉकडाऊनमध्ये सगळे घरात आणि वरून टोळ आले, अमरावती, वर्धा, मग नागपूरकडे काटोलला. लोक संत्र्याच्या बागेत ताटं नि डबे वाजवत फिरत होते आणि फवारणीला अग्निशमनच्या गाड्या. तोवर टोळधाड हा शब्द आम्ही फक्त लग्नात न बोलावता आलेल्या पाहुण्यांसाठी वापरायचो, त्या वर्षी त्याचा खरा अर्थ कळला. एका चौरस किलोमीटरच्या टोळधाडीत चार ते आठ कोटी टोळ असू शकतात म्हणे, डोकं चालत नाही ना?

आणि व्हिलन म्हणून टोळ जास्त भारी आहे असं माझं मत, कारण टोळ म्हणजे शेवटी नाकतोडाच. एकटा असला की लाजाळू, हिरवट, दुसऱ्याला टाळणारा. गर्दीत मागचे पाय एकमेकांना घासायला लागले की काही तासांत वागणं बदलतं, पुढे रंगसुद्धा बदलतो आणि तोच प्राणी टोळीत सामील होतो. हे तर कोणत्याही कॉमिकवाल्याला सुचणार नाही असं.

कोयनाकाठ:
भाऊ मुद्दा मान्य, पण धाड म्हणजे हल्ला. धाड येते, पडते आणि जाते. व्यक्तीचं नाव धाड कसं ठेवणार? "धाड म्हणाली, स्पायडरमॅन आज तू संपलास." नाही जमत.

चष्मिस:
हाहा, पण ह्या वाक्यातच खरी मजा आहे. नाव कोणतंही ठेवा, मराठीत क्रियापदाला लिंग लागतं आणि तिथेच हा व्हिलन अडकतो. थवा म्हणाला. झुंड म्हणाली. मोहोळ म्हणालं. तिन्ही व्हिलन वेगवेगळे वाटतात की नाही? पहिला सभ्य, दुसरी रागीट, आणि तिसरं कोपऱ्यात बसून रडणाऱ्या पोरासारखं. "मोहोळ म्हणालं, मी जग जिंकणार" हे मोठ्याने वाचून बघा, कुणीतरी त्याला खाऊ देईल.

बरं माश्या म्हणून बहुवचनात घ्यावं तर अजून पंचाईत. "त्या आल्या, त्या म्हणाल्या" म्हटलं की आपल्याला वाटतं शेजारच्या काकू आल्या. आणि सांगाडा धरून पुल्लिंगी अनेकवचन घेतलं, "ते आले, ते म्हणाले", तर एका नाझीला आपण आदरार्थी बहुवचन देऊन बसलो! हे तर मी मरेपर्यंत करणार नाही. त्यामुळे माझा आग्रह: एकेरीच ठेवा, "तो". इंग्रजीत ही अडचणच नाही, तिथे "स्वार्म" म्हटलं की झालं, पुढचं क्रियापद गप्प बसतं.

शिवाय जीवशास्त्र बघितलं तर चावणाऱ्या सगळ्या माश्या ह्या बायकाच. कामकरी माशी मादी, नराला नांगीच नसते. म्हणजे हा फॉन मेयर नावाचा पुरुष नुसता हाडांचा, बाकी सगळं अंग आणि सगळी ताकद स्त्रीलिंगी. आणि वर तोच म्हणतो मी ह्यांचा मालक!

कोयनाकाठ:
हे खासच. आणि मालक फार दिवस टिकायचाही नाही, कारण मधमाशीच्या नांगीला उलटे काटे असतात, माणसाच्या कातडीत अडकते, माशी उडताना नांगी आणि पोटाचा भाग मागे राहतो आणि ती मरते. म्हणजे शंभर डंख मारले की ह्याच्या अंगातून शंभर माश्या वजा. दर मारामारीनंतर व्हिलन बारीक होत जाणार. वर प्रत्येक डंखाच्या जागी असा वास सुटतो की बाकीच्या माश्या तिथेच डसायला येतात, आणि त्या वासातलं मुख्य रसायन केळ्याच्या वासाचं असतं. खोटं नाही सांगत, चिडलेल्या पेटीजवळ पिकल्या केळ्यांसारखा वास येतो.

अजून एक, विषयाला धरून आहे म्हणून सांगतो. नाझी आणि मधमाश्या म्हटलं की मला ह्या कॉमिकच्या आधी कार्ल फॉन फ्रिश आठवतो. माश्या नाचून एकमेकींना फुलांची दिशा सांगतात हे ज्याने उलगडलं, पोळ्यावरच्या नाचाचा उभ्या रेषेशी जो कोन तोच सूर्यापासूनचा कोन, तो हा माणूस. म्युनिकला प्राध्यापक होता, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नाझींनी त्याच्या घराण्यात ज्यू रक्त शोधून काढलं आणि त्याला काढून टाकायचं ठरवलं. पण तेव्हा जर्मनीत मधमाश्यांना नोसेमा नावाचा रोग लागला होता, वसाहतीच्या वसाहती मरत होत्या, आणि त्यावर काम करायला हाच हवा होता, म्हणून त्याला काढणं लांबणीवर पडलं. पुढे १९७३ मध्ये नोबेल. कॉमिकमध्ये माश्या नाझीला खातात, इथे माश्यांनी एका माणसाला नाझींपासून वाचवलं. कॉमिकवाल्यांना हे माहीत होतं की नाही देव जाणे.

इंद्रजालवाला:
उशिरा आलो, पण सगळे आग्यामोहोळपर्यंत येऊन थांबलात आणि पुढचा शब्द सुटला की हातातून! आग्या म्हटलं की पुढे काय येतं तोंडात? वेताळ! आग्या वेताळ! आणि वेताळ म्हणजे काय, तर प्रेतात शिरून राहणारा. इथे सांगाडा आहे, त्यात दुसरंच काहीतरी वस्तीला आहे, आणि वर आग लागल्यासारख्या माश्या. ह्याहून फिट्ट नाव मिळणार नाही, बाजारात गेलात तरी.

शब्दखुळा:
बाप रे. हे भारी आहे काका.

चष्मिस:
शब्द भारी आहे पण अडचण आहे. तुमचं टोपणनावच इंद्रजालवाला, तुम्हाला मी काय सांगणार, पण वेताळ हे नाव मराठी कॉमिक्समध्ये आधीच दिलेलं आहे ना. फँटमला. इंद्रजाल कॉमिक्स मराठीत वाचलेल्या अख्ख्या पिढीसाठी वेताळ म्हणजे जांभळे कपडे, कवटीची अंगठी आणि घोडा. तो हिरो आहे. त्याचं नाव व्हिलनला दिलंत तर तीच पिढी दारात येऊन भांडेल.

इंद्रजालवाला:
मीच पहिला येईन भांडायला. मागे घेतो. नुसतं 'आग्या' ठेवा मग. तापट माणसाला आपण आग्या म्हणतोच, "आग्या आहे नुसता" असं. पुल्लिंगी आहे, एकेरी आहे, "आग्या म्हणाला" हे वाक्य नीट चालतं, नाझीला आदर मिळत नाही, माश्यांची जातही कळते. आणि लहान पोराला उच्चारायला सोपं.

राजेहो_बोला:
मान्य. आग्या. आणि त्याने हल्ला केला की मात्र टोळधाड नाही, "मोहोळ उठलं" लिहा, ते कोयनाकाठवाल्यांचं बरोबर आहे. आम्ही टोळ पुढच्या व्हिलनला देऊ.

चष्मिस:
नाव आग्या, समूह मोहोळ, क्रियापद उठणे. थवा पोपटांना परत. डासांना, चिलटांना काय म्हणायचं तो वेगळा धागा काढा कुणीतरी, माझ्या मते तिथे आपण समूहाला नाव देतच नाही, नुसतं "घोंगावतायत" म्हणतो आणि रॅकेट घेतो. मुंग्यांना पण "लागल्या" म्हटलं की किती ते आपोआप कळतं.

शब्दखुळा:
मंडळी भाच्याला सांगितलं. आग्या नाव लगेच पास झालं, "मोहोळ उठलं" तर त्याने तीन वेळा म्हणून दाखवलं, एकदा डायनिंग टेबलवर उभं राहून. पण मग त्याने विचारलं की स्पायडरमॅनचं मराठी नाव काय, मी म्हणालो कोळी, तर म्हणतो, "म्हणजे मामा, वर्सोव्याचे कोळी मासे पकडतात तसे?" मी म्हणालो तसे नाही, हा कोळी माश्या पकडतो. दोन मिनिटं गप्प बसला आणि म्हणाला, "मग आग्या कशाला आला त्याच्याकडे, आपणहून जाळ्यात?"

ह्याचं उत्तर असेल कुणाकडे तर द्या, आज रात्री झोपायच्या आधी हवंय.