शेलिंग (तोफगोळ्यांचा मारा) चालू असताना पूंछकडच्या गावातली माणसं राहतात तरी कशी?

येळ्ळूरची_लेक:
नमस्कार मंडळी, धाकटा भाऊ फौजेत, जम्मू-काश्मीरात पूंछकडे पोस्टिंगला आहे, इथं बेळगावच्या मराठा सेंटरलाच ट्रेनिंग झालेलं. २०२५ च्या मे मध्ये पाकिस्तानशी लढाई चालू होती तेव्हा ७ ते १० तारखेपर्यंत आमच्या घरात कुणी धड जेवलं नव्हतं, आई टीव्ही बंद करू देत नव्हती आणि बघवतही नव्हतं. आता सुट्टीवर आलाय, विचारलं तर "सगळं बरं आहे की गं" एवढंच. परवा भाकरी खाताना एकदम म्हणाला, तिथली एक म्हातारी आम्हाला मक्याची रोटी द्यायची, तिचं घर राहिलं नाही. आणि ताटावरनं उठला. आपण इकडे सीमाभाग म्हणतो तो भाषेवरनं, तिकडं घरावर गोळा पडतोय. पोरंबाळं, गुरं, शेती कशी सांभाळत असतील ओ? कुणी राहून आलंय का?

खानापूरचा_फौजी:
ताई, मी त्या भागात दोन टेन्युअर काढलीत, एक २००३ च्या सीजफायरच्या (शस्त्रसंधीच्या) आधी. पहिला गोळा पडला की तिथल्या बायका आधी गोठ्यात पळतात, गुरांचं दावं सोडायला. बांधलेलं जनावर जागच्या जागी मरतंय, सुटलेलं निदान ओढ्याकडं तरी जातंय. मग पोरं काखेत मारून आडोशाला. तेव्हा बंकर कुठले, डोंगराकडच्या भिंतीला टेकून बसायची. पुढं २०१७-१८ मध्ये जम्मू भागासाठी १४ हजारांवर बंकर मंजूर झाले, पण ते सीमेलगतच्या गावांना, २०२५ च्या मे मध्ये गोळे पूंछ शहरात पडले आणि तिथं बंकर फारसे नव्हतेच, हे मनाला फार लागलं बघा.
शेतीचं म्हणाल तर तारेचं कुंपण एलओसीच्या (ताबारेषेच्या) बरंच आत आहे, त्यामुळं कित्येकांची शेतं तारेपलीकडं. गेटवर आम्ही ओळखपत्र बघून सोडायचो, संध्याकाळी मोजून आत घ्यायचो. एक आजोबा सदऱ्याच्या ओच्यात मक्याचं बी घेऊन यायचे, आदल्या रात्री फायरिंग झालेलं असलं तरी सकाळी गेटवर हजर. पेरणीचा वापसा थांबत नाही की.

क्वार्टरवाली_वहिनी:
मी तेव्हा जम्मूत होते. ८ तारखेला रात्री सायरन वाजला आणि लाईट गेली, कणीक मळलेली तशीच परातीत, दोन्ही पोरांना कॉटखाली घेऊन बसले. बाहेर धडाधड आवाज. शेजारची डोगरी काकू अंधारात भिंत चाचपत आली आणि नुसता माझा हात धरून बसली, तिची भाषा मला अर्धीच कळते. आणि ताई, भावाचं सिम तिकडं पोस्टपेड घ्या, बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड तिथं चालत नाही, फोन लागला नाही की जीव टांगणीला.

येळ्ळूरची_लेक:
काका, वहिनी, काय बोलू. भावाला तुमचं वाचून दाखवलं. दाव्याचं ऐकल्यावर म्हणाला, म्हातारीनं पण म्हैस सोडली होती, चौथ्या दिवशी आपणहून आली, घर नव्हतं तिथं उभी राहिली. आईनं लगेच विचारलं, म्हातारी कुठाय? लेकीकडं आहे म्हणाला, म्हैस पण नेलीय.