मायक्रोवेव्ह घरीच दुरुस्त केलाय? अनुभव लिहा

थाळी फिरत नाही एवढ्यासाठी अख्खा मायक्रोवेव्ह भंगारात काढायला निघालेली माणसं पाहिली, म्हणून हा धागा. थाळीची मोटर बदलणं हे यातलं सगळ्यात सोपं काम. ती तळाशी असते. बऱ्याच मॉडेलांत मोठं झाकण न उघडताही खालच्या पत्र्यातला छोटा चौकोन काढला की हाताला लागते. प्लग काढायचा, एक स्क्रू, दोन वायरी, झालं. फक्त जुन्या मोटरवरचा व्होल्टेज वाचून घ्या. काही 21 व्होल्टच्या असतात, काही थेट 230 च्या, आणि दिसायला अगदी जुळी भावंडं. दांडीची उंचीही जुळायला हवी. नव्या मोटरवर थाळी कधी डावीकडून फिरते, कधी उजवीकडून. तो बिघाड नव्हे, ही सिंक्रोनस मोटर जमेल त्या दिशेने सुटते.

तुम्ही काय बदललंत, दोष कसा ओळखलात आणि कुठे थांबलात, ते सांगा. कुठे थांबलात ते तर नक्कीच.

* * *

आमच्याकडे आत ठिणग्या उडायला लागल्या. सासूबाईंनी यंत्राला हात लावायलाच बंदी केली. आतल्या भिंतीवर पुठ्ठ्यासारखा एक चौकोन असतो ना, तो अभ्रकाचा. मॅग्नेट्रॉनच्या, म्हणजे लहरी तयार करणाऱ्या भागाच्या, लहरी त्यातून आत येतात. त्यावर तेलकट शिंतोडे साचतात, जळून त्यांचा कोळसा होतो आणि तिथेच ठिणग्या पडतात. अभ्रकाचा कोरा पत्रा विकत मिळतो. जुना तुकडा त्यावर ठेवून पेन्सिलने गिरवला, कात्रीने कापला, खाचा ब्लेडने काढल्या. बसवण्याआधी मागची पोकळी पुसून कोरडी करा, नाहीतर नवा तुकडाही जळेल. आतल्या रंगाचे पोपडे निघाले असतील तर तिथेही ठिणगी पडते, आणि त्यावर साधा रंग चालत नाही. मायक्रोवेव्हच्या आतल्या भागासाठीचाच घ्यावा लागतो.

* * *

दाराच्या स्विचबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण 'मायक्रोवेव्ह मेला' म्हणतात तेव्हा बऱ्याचदा हेच निघतं.

आमचा दार उघडलं की फ्यूज उडवायचा. नवा फ्यूज घातला, दोन दिवस चालला, परत तेच. दुरुस्तीवाल्याने कंट्रोल बोर्ड बदलायला सांगितलं. बाबा आयुष्यभर वायरिंगचं काम केलेले, ते म्हणाले, "बोर्डाचा फ्यूजशी काय संबंध? दार बघ."

दाराच्या खाचेमागे सहसा तीन मायक्रोस्विच असतात. दोन दार लागल्यावर वीज पुढे सोडतात. तिसरा पहारेकरी. दार उघडलं आणि पहिल्या स्विचचे संपर्क चिकटूनच राहिले, तर हा तिसरा मुद्दाम शॉर्ट करून फ्यूज उडवतो, म्हणजे उघड्या दाराने यंत्र चालूच राहू नये. थोडक्यात, आमचा फ्यूज आपलं काम चोख करत होता.

प्लग काढून, बाबांनी कपॅसिटर रिकामा केल्यावर (वीज साठवून ठेवणारा भाग तो), वायरी सोडवून मल्टिमीटरने एकेक स्विच तपासला. विजेची वाट जोडलेली असली की तो बीप करतो. एकाचं बटण दाबलं काय, सोडलं काय, बीप थांबेना. तोच चिकटलेला. त्याच्यासोबत पहारेकरी स्विचही बदलला, कारण इतक्या शॉर्टनंतर त्याचे संपर्क भाजलेले असतात. तिन्ही स्विच दिसायला सारखे, पण पहारेकरी उलट्या जोडणीचा असतो, दाबल्यावर तोडणारा. म्हणून वायरी काढण्याआधी फोटो काढा. फ्यूजही लिहिलेल्या अँपिअरचा आणि सिरॅमिकचाच घाला. तिथे तारेचा तुकडा गुंडाळणाऱ्याला बाबा घरात उभं करत नाहीत.

* * *

मी इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीतलाच. वरच्या अनुभवात 'कपॅसिटर रिकामा केल्यावर' हे तीन शब्द पटकन वाचून पुढे जाऊ नका. ट्रान्सफॉर्मर 2000 व्होल्टच्या आसपास देतो, डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) आणि कपॅसिटर मिळून मॅग्नेट्रॉनला साधारण 4000 व्होल्ट पुरवतात. टीव्हीच्या आत काम केलेली मंडळीही इथे दगावली आहेत. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये विजेचा भार राहू शकतो. तो उतरवायला बहुतेक कपॅसिटरच्या आतच एक रेझिस्टर असतो, पण तो शाबूत आहे की तुटलाय हे बाहेरून कळत नाही. त्यामुळे 'रात्रभर ठेवला होता' यावर मी तरी विसंबत नाही. भार कसा उतरवायचा ते इथे वाचून शिकू नका, येणाऱ्याच्या शेजारी उभं राहून शिका.

* * *

मी फक्त आतला दिवा बदलून घेतला. झाकण काढून पाहिलं तर दिवा कपॅसिटरपासून वीतभर अंतरावर. झाकण परत लावलं आणि जाणकार मावसभावाला बोलावलं.

* * *

मी मात्र उच्च दाबाच्या (हाय व्होल्टेजच्या) बाजूलाही हात घातलाय, पण नोकरीच या क्षेत्रातली होती. लक्षण असं: दिवा लागतो, पंखा फिरतो, थाळी फिरते, गरम मात्र काही होत नाही आणि आवाज जड घरघरीचा. बहुधा डायोड शॉर्ट. साधा मल्टिमीटर चांगल्या डायोडलाही दोन्हीकडून 'ओपन'च, म्हणजे वाट तुटलेलीच, दाखवतो, कारण त्याच्या आत अनेक डायोड एकापुढे एक असतात. 9 व्होल्टची बॅटरी मालिकेत जोडून बघावं लागतं. दोन्हीकडून बीप आली तर मात्र तो नक्की गेला.

मॅग्नेट्रॉन बदलायचा तर नुसत्या वॉटवर जाऊ नका. स्क्रूची भोकं, कनेक्टरची दिशा, थंड करणाऱ्या पात्यांची बाजू, सगळं जुळलं तरच घ्या. अँटेनाभोवतीची, म्हणजे लहरी सोडणाऱ्या टोकाभोवतीची, जाळीदार धातूची गॅस्केट (फट बुजवणारी कडी) न विसरता बसवा. आणि जुन्याची चिनी माती फोडून आत काय आहे ते बघायला जाऊ नका, काहींत बेरिलियम ऑक्साइड असतं, त्याची धूळ फुप्फुसाला घातक.

नंतर जोर तपासायला पाणी पुरे. एक लिटर थंड पाणी, पूर्ण शक्तीवर एक मिनिट, ढवळून तापमान मोजा. जितके अंश सेल्सिअस वाढले त्याला साधारण 70 ने गुणा, की वॉट येतात. 10 अंश चढलं तर 700.

* * *

कुणीतरी विचारलंय की दाराची बिजागरी सैल आहे, बाकी सगळं चालतं, तर चालवावा का. नाही. दार नीट बसत नसेल, जाळी फाटली असेल किंवा कड वाकली असेल, तर आधी ते दुरुस्त करा. गळतीची आंतरराष्ट्रीय मर्यादा 5 सेंटिमीटर अंतरावर चौरस मीटरला 50 वॉट आहे आणि ती मोजायला मीटर लागतो. फोन आत ठेवून रिंग वाजते का बघणं म्हणजे चाचणी नव्हे, चांगल्या मायक्रोवेव्हमध्येही ती वाजू शकते.

बटणांचा पडदा बदललेलं कुणी आहे का? आमच्या 'सुरू'वर अंगठा टेकून उभं राहावं लागतं.